फकिराची पत्रावळ

लग्न उद्यावर आलं आणि मनकर्णा हटून बसली.

तिचं हटून बसणं वेगळंच. तोंड फिरवणं नाही, कोपरा धरणं नाही, जेवण सोडणं तर मुळीच नाही. सकाळपासून ती पाहुण्यांच्या तांदळातले खडे निवडत होती, मधूनच उठून मांडवातल्या पोरांना दटावत होती, आणि 'उद्या पुढं उभी राहतेस ना?' असं कोणी विचारलं की तितक्याच शांतपणे 'नाई' म्हणत होती. असल्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिच्या धाकट्या दिराला, देवाजीला, अजून उमगलं नव्हतं. भिलाईच्या कारखान्यात भट्टीला आतून विटा लावणाऱ्या गँगवर तो चार्जमन होता. तिथं त्याच्या एका शिटीवर अख्खी गँग हलत असे. घरात त्याच्या हाकेनं मांजर जागचं उठत नसे.

"वयनी, ऐका माय," तो पुन्हा म्हणाला. "उद्या भंतेजी म्हनतीन, पोरीच्या मायबापानं समोर या. तवा मी अन् गिरजा उभे रायलो, अन् तुमी सैपाकाच्या मांडवात, त लोक का म्हनतीन?"

"म्हनतीन, काकानं वाढवली, काकानंच देल्ली. खोटं हाये का?" मनकर्णेनं एक खडा बोटानं उडवला. "थे घरी असते त दोघं उभे रायलो असतो. एकली काहाले उभी राहू? मी का..."

पुढचा शब्द तिनं गिळला. देवाजीनंही तो तिला विचारला नाही.

'थे' म्हणजे फकिरा. सत्यशीला पोटात असताना तो पलटणीत भरती होऊन बर्माच्या लढाईवर गेला. सरकारनं एकदा कळवलं की सापडत नाही. त्यानंतर सरकारनंही काही कळवलं नाही आणि घरानंही काही म्हटलं नाही. गावच्या बायका बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा मनकर्णा हातात विळा घेऊन दारात उभी राहिली होती. ते पाहिल्यापासून या कुटुंबात 'मेला' हा शब्द फकिराच्या नावाजवळ कोणी नेला नाही. लग्नाची पत्रिका छापतानासुद्धा देवाजीनं छापखान्यात उभ्या उभ्या बजावून सांगितलं होतं, नावाच्या आधी काही लावू नका, नुसतं नाव छापा.

आतल्या खोलीत सत्यशीला हळदीच्या लुगड्यात बसली होती. पोरगी शाळकरी वयात भिलाईत आलेली, सेक्टरच्या शाळेत शिकलेली. रागावली की तिचं मराठी आपोआप हिंदीत शिरायचं.

"काकू, मैंने कुछ माँगा क्या आजतक?" ती गिरजाबाईला म्हणाली. "दागिने नाई मांगले, साड्या नाई मांगल्या. माया बाजूले मायी माय उभी पाह्यजे. बस. बाबा येतीन तवा येतीन. त्याईची वाट पाहता पाहता माय पन गेली का मायी?"

गिरजाबाईला एकदम भरून आलं. आजवर जावा-जावांची एकी एवढी पक्की, की देवाजीला घरात बोलायची सोय नव्हती. मनकर्णेचं चुकलं तरी गिरजाबाई तिच्याच बाजूनं. आज पहिल्यांदा ती पोरीच्या बाजूला गेली, आणि आपण फितूर झालो असं वाटून बुंदीच्या कढईपाशी जाऊन उगाच हलवायावर ओरडली.

दुपारच्या गाडीनं नागपूरहून व्याही उतरले. बाबाराव रेल्वेत फिटर, माणूस सालस, लगेच 'जयभीम' घालून पाय धुवायला बसणारा. त्याच गाडीनं भंडाऱ्याकडचा कवडू आला. हा फकिराचा आणि देवाजीचा चुलतभाऊ, वयानं दोघांच्या मधला. नागपूरला दीक्षा घेतल्यापासून कवडू घराण्याच्या धम्माचा पहारेकरी झाला होता. कुठल्याही नातेवाइकाकडे गेला की आधी स्वयंपाकघरात डोकावायचा, आणि पिठाच्या डब्यामागं कोणी एखादा देव जपून तर ठेवला नाही ना, हे पाहून मगच पाणी प्यायचा. बायकांनी त्याला पाहून मुद्दाम डबे हलवायचे, ही या घरातली जुनी गंमत होती.

आणि ऊन उतरल्यावर आली झीनाबाई.

तिचं खरं नाव लांबलचक होतं. गिरजाबाईनं दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. ती रशियाची इंजिनियर, भट्टीच्या विटांची. हातात छोटी हातोडी घेऊन, विजार घालून ती पहिल्यांदा भट्टीत उतरली तेव्हा कारखान्याच्या वस्तीतल्या, कँप-एकच्या बायकांत चार दिवस दुसरा विषय नव्हता. "त्याईच्या देशात मानसं नाईत का वो, बाईले धाडलं?" असं म्हणून गिरजाबाईनं सगळ्यांना हसवलं होतं. पुढं देवाजीमुळं ओळख झाली. झीनाबाई स्वयंपाकघरात मांडी घालायला शिकली, ठेचा खाऊन रडायला शिकली आणि रडून झाल्यावर पुन्हा मागायला शिकली. गिरजाबाई तिला दर भेटीत विचारायची, तुमी लगन कावून नाई केलं? झीनाबाई दर वेळी हसून म्हणायची, "टाइम नहीं मिला, गिरजाबाई."

आज तिनं सुती साडी नेसली होती. पिना इतक्या लावल्या होत्या की बसताना ती आधी चाचपून पाहत होती. हातात पांढऱ्या फुलांचा एक गुच्छ होता.

दिवस मावळायच्या आत पहिली पंगत बसली. व्याही मंडळी, कवडू, शेजारचे दोन-चार. झीनाबाईलाही पाहुणी म्हणून मानानं बसवलं. भात वाढून झाला, वरण आलं. झीनाबाईनं इकडंतिकडं पाहिलं.

"गिरजाबाई, दुल्हन का पापा किधर बैठता?"

"थे काय, पानी वाढून रायले," गिरजाबाईनं देवाजीकडं पळी केली.

"ये काका है. पापा. लड़ाई वाला."

गिरजाबाईच्या तोंडून ठरलेलं उत्तर गेलं. "थे बाहेर हायेत."

झीनाबाईनं मान डोलावली. तिला वाटलं, गिरजाबाईला कळलं नाही. हिंदी दोघींचीही बेताचीच. ती कष्टानं उठली, गठ्ठ्यातून एक पत्रावळ काढली आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मांडली. स्वतः भात वाढला, त्यावर वरण ओतलं, बुंदी वाढली. पेला पाण्यानं भरला, पोळीचा तुकडा तोडून पेल्यावर झाकणासारखा ठेवला. बाजूला ती पांढरी फुलं ठेवली. मग ताठ उभी राहिली आणि गप्प झाली.

बाबारावला वाटलं, यांच्यात जेवणाआधी असं काही म्हणत असतील. पाहुणा माणूस, तोही उठला. तो उठला म्हणून त्याची माणसं उठली, ती उठली म्हणून शेजारी उठले. कोणाच्या हातात भाताचा घास, कोणाच्या तोंडात वडा. अख्खी पंगत हातातोंडाचं तसंच ठेवून उभी. वाढणाऱ्या पोरीसुद्धा जागच्या जागी थांबल्या.

शेवटी बाबारावनंच हळू विचारलं, "हे कोनासाठी जी?"

"दुल्हन का पापा," झीनाबाई म्हणाली. "बर्मा में मर गया. देवाजी बोला मुझको."

कोणाच्या तरी हातातला तांब्या खाली टेकल्याचा आवाज झाला. तो देवाजीचा होता.

पहिला फुटला कवडू. "उचला थे पान! पयले उचला! देवाजी, हे का चाललं बे तुया घरात? आपन दीक्षाभूमीवर शपथ घेतली. श्राद्ध करनार नाई, पिंड देनार नाई. मेलेल्याचं पान नाई वाढत आपन आता!"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच समजलं, की वीस वर्षं सगळ्यांनी टाळलेला शब्द आपण भर मांडवात ओरडलो. तो खाली पाहू लागला.

स्वयंपाकाच्या मांडवाच्या दारात मनकर्णा उभी होती.

ती कवडूकडं आली नाही, झीनाबाईकडंही आली नाही. सरळ देवाजीसमोर येऊन थांबली.

"तुमी सांगतलं हिले?"

"हो, वयनी."

"मले नाई सांगतलं कदी."

"कसं सांगू? माया तोंडून निघालं नाई."

"हिले सांगताना निघालं."

देवाजीनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण वहिनीसमोर त्याला आपण अजून ती लग्न होऊन आली तेव्हाचे तेरा-चौदा वर्षांचे आहोत असंच वाटे. "थे हिंदीत होतं, वयनी," तो म्हणाला. "भट्टीत काम करून रायलो होतो. हिनं विचारलं, भाई कितने? मी म्हटलं, एक था, लड़ाई में मर गया. हिंदीत निघून गेलं. मराठीत नाई येत मले थे."

देवाजीला त्या क्षणी गेल्या हिवाळ्यातली सभा आठवत होती. चीनची लढाई नुकतीच झालेली. कारखान्याच्या मैदानात शहिदांसाठी सगळे उभे राहिले, तोही राहिला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा शेजारचा म्हणाला, कोई अपना था क्या? काय सांगणार होता? पलटण इंग्रजांची, लढाई इंग्रजांची. इंग्रज गेले, आणि त्यांच्या लढाईत मेलेल्याला कोणी आपलं म्हणेना. भावासाठी त्याच्या देशात आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. आज नागपूरचा व्याही घास हातात घेऊन उभा राहिला होता, आणि तेही एका रशियन बाईच्या चुकीनं. देवाजीला त्या चुकीचा राग येईना.

झीनाबाईला आपलं काहीतरी फार मोठं बिघडलंय एवढं कळलं होतं. काय बिघडलं ते कळत नव्हतं. तिच्या गावी लग्नाची जोडी आधी लढाईतल्या मेलेल्यांच्या दगडापाशी जाते, फुलं ठेवते आणि मगच मेजवानीला बसते. ज्या घरात बाप लढाईत गेला तिथं त्याचं पान मांडलं नाही, तर पाहुणे तिकडं अपमान समजतात. असं एखादं लग्न असू शकेल, जिथं त्याचं नावच घ्यायचं नसतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मेरा गलती," ती म्हणाली आणि पत्रावळ उचलायला वाकली.

"राहू द्या," मनकर्णा म्हणाली. "थांबा. तुमचे वडील बी लढाईत?"

"पापा. दो भाई." झीनाबाई सरळ झाली. शब्द शोधत, थांबत थांबत बोलू लागली. "चिट्ठी नहीं, कबर नहीं. कुछ नहीं. माँ रोज शाम दरवाजा खुला रखती. बहुत साल. हमारा रास्ता में सब घर ऐसा. बाहर बरफ, और सब दरवाजा खुला. गाँव में बूढ़ा आदमी बचा, और बच्चा. बाकी सब औरत. औरत खेत चलाया, औरत घर बाँधा. शहर टूट गया था, कारखाना टूट गया था. मैं स्कूल छोड़ा, ईंट लगाना सीखा. आदमी कहाँ था सीखने को?"

गिरजाबाईच्या हातातली पळी वरणाच्या बादलीत गेली ती तिथंच राहिली. "म्हनून तुमी लगन..."

"मेरे क्लास में लड़के थे," झीनाबाई म्हणाली. "अभी कोई नहीं है."

गिरजाबाईनं बादली खाली ठेवली आणि तिचा हात धरला. दर भेटीत आपण हसत हसत काय विचारत होतो, हे तिला आता कळलं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"मंग दरवाजा?" मनकर्णेनं विचारलं. तिला तेवढंच ऐकायचं होतं. "तुमच्या मायनं लावला का मंग?"

"एक दिन माँ बोली, वो बाहर बहुत खड़ा रहा. ठंडी में. अब अंदर बिठाओ. उस दिन ऐसा प्लेट रखा, गिलास रखा. सब साथ में खाना खाया. हर घर में धीरे-धीरे ऐसा हुआ. अभी पूरा देश में ऐसा. लोग खुशी में पहले उनको बिठाता है, फिर खुद बैठता है."

बाबारावची माणसं अजून उभीच होती. त्यांना बसा म्हणायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मनकर्णा पत्रावळीकडं पाहत होती. वीस वर्षं ती रात्रीची एक भाकर झाकून ठेवत आली होती आणि सकाळी कोणाच्या नकळत आपणच खात आली होती. शिळी भाकर चावताना रोज तिला वाटायचं, आज नाही आले, उद्या येतील. सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण ती भाकर नेहमी चुलीमागं, अंधारात. ही पत्रावळ पंगतीत होती, व्याह्याच्या शेजारी, मानाच्या जागी. फकिरा असता तर आज इथंच बसला असता. आणि तो बाहेर कुठंतरी, पावसात, परक्या रानात उभा आहे असं धरून आपण त्याला इतकी वर्षं तिथंच उभं ठेवलं, असं तिच्या मनात आलं. ती मटकन खाली बसली.

गिरजाबाई धावली. पण मनकर्णेला काही झालं नव्हतं. ती पत्रावळ नीट करत होती.

"वरन भातावर नाई चालत त्याईले," ती पुटपुटली. बोटांनी वरणाचा भात एका कडेला सारला, कोरडा भात मध्ये ओढला. "बाजूले लागते. अन् बुंदी आता काहाले वाढली? गोड शेवटी. गिरजा, ठेचा आन. तिखट लागे त्याईले. तिखट नसलं त जेवत नोते थे."

गिरजाबाई ठेचा घेऊन आली. मनकर्णेनं तिच्या हातून ठेचा घेतला आणि पत्रावळीच्या डाव्या अंगाला ठेवला. मग तिनं हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं पाहिलं. कवडूला वाटलं, आता ही फोडते. तो पुढं झाला.

"वयनी, नाई! आपल्यात नाई राह्यलं थे आता. बाईच्या बांगड्या फोडनं आपन सोडलं."

"मले ठाव हाये, कवडू भाऊ. मी कुठं फोडून रायली?" मनकर्णेनं बांगड्या कोपराकडं सारल्या, जेवायला बसताना सारतात तशा. "पोरीचं लगन हाये. हिरव्याच राह्यतीन."

धम्माचा पहारेकरी आता पुरता अडचणीत सापडला होता. पान उचलायचं म्हणावं तर जीभ उचलेना, आणि राहू द्यावं तर शपथ मोडते. तो फकिराबरोबर एकाच तळ्यात पोहायला शिकलेला माणूस. डोळे ओले करून तो म्हणाला, "पन वयनी, मंग ह्या पानाचं करायचं का? कावळ्याले आपन देत नाई. नदीत सोडत नाई. अन्न टाकनं बी बरं नाई."

"बुद्धासमोर ठेवा," बाबारावनं सुचवलं.

"नाई," मनकर्णा म्हणाली. "सत्यशीला! बाहेर ये."

हळदीची नवरी अशी पंगतीत बोलवायची नसते. दोघी-तिघींनी तसं म्हटलंही. सत्यशीला दारातच उभी होती, सगळं ऐकत. ती आली.

"बस इथं."

"माय..."

"बस म्हनलं ना."

सत्यशीला त्या पत्रावळीसमोर बसली. मनकर्णेनं तिच्या कपाळावरची केसांची बट मागं सारली. लहानपणी ही पोर रांगत रांगत देवाजीच्या ताटाकडं जायची. देवाजी हसून घास करायचा, आणि मनकर्णा तिला फरफटत मागं ओढायची. काकाच्या ताटात नाई, तुया बाप येईन, त्याच्या ताटात जेवजो. पोर रडून रडून थकायची. देवाजी हातातला घास घेऊन तसाच बसून राहायचा. पुढं पोरीनं ताटाकडं जाणं सोडलं. घरात कोणाच्याच ताटाला तिनं पुन्हा हात लावला नाही.

"पोरगी बापाच्या ताटात जेवते," मनकर्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ह्याले कोनी श्राद्ध नाई म्हनत, कवडू भाऊ. सगळ्याईच्या घरी जेवते. मायी पोरगी कदी जेवली नाई."

कवडूनं मान डोलावली.

"बाबा..." सत्यशीलानं पानावरून नजर वर केली. "माय, बाबा खरंच..."

"हो माय," मनकर्णा म्हणाली. "तुया बाप मेला. बर्मात मेला. तू पोटात होती तवा गेला अन् मेला. जेव आता."

सत्यशीलानं घास उचलला. रडतच तोंडात घातला. ठेचा फार तिखट होता, तिला ठसका लागला. मनकर्णेनं पेल्यावरचा पोळीचा तुकडा काढून तिच्या हातात दिला, पेला तिच्या ओठांना लावला आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. झीनाबाई बसली. मग बाबाराव बसला, मग सगळी पंगत बसली. देवाजी तांब्या घेऊन पुन्हा पाणी वाढू लागला, तेव्हा त्याला कोणाचाच पेला नीट दिसत नव्हता.

"सावकाश जेव," मनकर्णा पोरीला म्हणत होती. "अन् आज लवकर निजजो. उद्या सकाळी आपल्याले दोघीले उभं राहाचं हाये."